ठेव आणि वाटा

इंग्रजी कथाकादंबऱ्यांचं भाषांतर करणाऱ्याला ‘कन्फाइड’ हे साधं दिसणारं क्रियापद हमखास अडवतं. एखादी बाई मैत्रिणीजवळ किंवा एखादा म्हातारा शेजाऱ्याजवळ ‘कन्फाइड’ करतो, आणि मराठीत काय लिहावं ते कळत नाही. शब्दांची वाण नाही. ‘मन मोकळं केलं’ म्हणता येतं, पण त्यात बोलणाऱ्याला हलकं वाटलं एवढंच येतं. ऐकणारा कुणीही असू शकतो, रेल्वेत शेजारच्या बाकावर बसलेला अनोळखी माणूससुद्धा. ‘गुपित सांगितलं’ म्हटलं तर लक्ष मजकुराकडे जातं आणि थोडं पोरकटही वाटतं. ‘कानगोष्ट’ फक्त आवाजाची पट्टी सांगते. ‘हितगुज’ गोड आहे, पण एखाद्याने आपला आजार, कर्ज किंवा लपवलेलं लग्न सांगितलं तर त्याला हितगुज म्हणवत नाही. उरतं ‘विश्वासात घेऊन सांगितलं’. हा प्रयोग वर्तमानपत्रांनी वापरून वापरून सरकारी करून टाकला आहे. विरोधकांना विश्वासात न घेता निर्णय झाला, गावकऱ्यांना विश्वासात न घेता जमीन मोजली, अशा वाक्यांत तो राहतो. तिथे विश्वासात घेणारा नेहमी वरच्या पायरीवर उभा असतो.

एका भाषेतल्या शब्दाला दुसऱ्या भाषेत नेमका जोडीदार नसणं ही काही मोठी बातमी नव्हे. पण इथे हे सगळे पर्याय शेजारी शेजारी मांडले की एक प्रश्न दिसू लागतो. आपण दुसऱ्याला आपलं गुपित सांगतो तेव्हा नेमकं काय देतो? आणि ऐकणाऱ्यावर त्यातून कोणतं कर्तव्य येतं, आणि कुठपर्यंत?

‘कन्फाइड’चं मूळ लॅटिन आहे. त्यातला ‘फिडेरे’ म्हणजे विश्वास टाकणं. या धातूचं गोत मोठं आहे. आत्मविश्वास या अर्थाचा ‘कॉन्फिडन्स’ त्यातलाच, आणि तहसील कचेरीबाहेर स्टँपपेपरवर टाइप करून मिळतं ते ‘ॲफिडेव्हिट’सुद्धा त्यातलंच. एकाच मुळातून मैत्रिणीच्या कानाशी होणारी कुजबुज आणि नोटरीचा शिक्का, दोन्ही निघाले. इंग्रजीत या क्रियापदाचे दोन प्रयोग आहेत. एकात माणसाजवळ विश्वास ठेवला जातो, दुसऱ्यात माणसाच्या हाती काहीतरी सोपवलं जातं. पहिल्यात कर्म लागतच नाही. काय सांगितलं ते वाक्यात आलं नाही तरी चालतं. म्हणजे मजकूर दुय्यम आहे, प्रधान आहे तो भरवसा.

आपल्याकडचे शब्द उलट बाजूने निघतात. गूज आलं ‘गुह्य’वरून, आणि गुह्याचं नातं लपवण्याशी, गुहेशी आहे. गुपितामागे ‘गुप्’ हा धातू आहे, म्हणजे राखणं, रक्षण करणं. ‘रहस्य’ हे ‘रहस्’वरून, म्हणजे एकांतावरून आलं. उर्दूत ज्याला सगळं सांगता येतं तो ‘महरम’. मुळात ज्या नातलगासमोर पडदा करावा लागत नाही तो. लपवणं, राखणं, एकांत, पडदा: इथे सुरुवात गोष्टीच्या झाकलेपणापासून होते आणि मग ती कुणापुढे उघडायची हा प्रश्न येतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला हे उत्तम रहस्य सांगण्याचं कारण देतो, ते त्याच्या बुद्धीचं नाही. तू माझा भक्त आहेस आणि सखा आहेस, म्हणून. लॅटिन विश्वासापासून निघून गुपितापर्यंत येते, आपण गुपितापासून निघून सख्यापर्यंत जातो. भेटीची जागा एकच आहे. सांगण्याचा अधिकार माहितीतून येत नाही, नात्यातून येतो.

विश्वासाचा हा शब्द फसवणुकीच्याही कामी आला, ही त्याच्या इतिहासातली बोलकी गोष्ट आहे. 1849 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाचा एक ठग पकडला गेला. चांगले कपडे घालून तो रस्त्यात अनोळखी सभ्य गृहस्थाशी जुनी ओळख असल्यासारखा बोलायचा, आणि मग विचारायचा, तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवण्याइतका माझ्यावर विश्वास आहे का? लोक घड्याळ काढून देत. वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं आणि तो शब्द रूढ झाला. 1857 मध्ये हर्मन मेलव्हिलने त्याच नावाची कादंबरी लिहिली. थॉम्प्सनने हिसकावून काहीच घेतलं नाही. समोरच्याला ‘माझा तुमच्यावर विश्वास नाही’ असं तोंडावर म्हणता आलं नाही, एवढ्या संकोचावर त्याचा धंदा चालला. गुपितांच्या बाबतीतही हे घडतं. ‘माझ्यापासूनसुद्धा लपवतेस?’ या प्रश्नाने किती जणींकडून किती गोष्टी काढून घेतल्या गेल्या असतील! विश्वास मागून घेतला की तो विश्वास राहतो का, याचं उत्तर थॉम्प्सनच्या गिऱ्हाइकांना चांगलं माहीत होतं.

आज मराठीत या सगळ्या शब्दांना बाजूला सारून एकच शब्द आला आहे: ‘शेअर करणे’. मी तिच्याशी शेअर केलं, त्याने कधी शेअरच केलं नाही. शब्द इंग्रजी आहे म्हणून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. टेबल आणि स्टेशनवर आपण कुठे रागावतो? पण त्याचा अर्थ पाहायला हवा. शेअर म्हणजे हिस्सा, वाटा. वाटण्याची कल्पना आपल्यालाही परकी नाही. सुख वाटल्याने वाढतं आणि दुःख वाटल्याने हलकं होतं, हे आपण म्हणत आलो आहोत. अडचण अशी, की वाटा एकदा दिला की तो घेणाऱ्याचा होतो. लग्नाचे पेढे ज्याला दिले त्याने ते पुढे कुणाला द्यावेत हे आपण विचारत नाही. फोनमध्ये मजकूर, फोटो आणि मनातली गोष्ट एकाच बटणाने ‘शेअर’ होतात, आणि आलेली गोष्ट पुढे पाठवायचं बटणही तिथेच असतं. खाजगी संभाषणाचा स्क्रीनशॉट तिसऱ्याला पाठवणाऱ्या कित्येकांना आपण काही मोडलं असं वाटतच नाही. त्यांना वाटा मिळाला होता, त्यांनी तो पुढे वाटला.

गुपित हा वाटा नाही, ती ठेव आहे. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांनी ठेवीचा विचार फार बारकाईने केला आहे. मनुस्मृतीत व्यवहाराची, म्हणजे खटल्यांची, जी अठरा पदं सांगितली आहेत त्यांत ऋणादानानंतर लगेच ‘निक्षेप’ येतो. पेटीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता ठेवायला दिलेल्या वस्तूला ‘उपनिधी’ असं वेगळं नाव आहे. या विचाराचं सार तीन गोष्टींत सांगता येईल. ठेव जपायची, ती आपल्या कामासाठी वापरायची नाही, आणि मागितली की परत द्यायची.

गुपिताला या तीन कसोट्या लावून पाहू. जपण्याची कसोटी सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याला कुणी काही सांगत नाही. वापरण्याची कसोटी मात्र सहसा लक्षात येत नाही. समजा, एकाने मित्राला सांगितलं की डोक्यावर कर्ज आहे, दोन महिन्यांत फ्लॅट विकावाच लागेल. मित्राने ही गोष्ट कुणाजवळ काढली नाही. फक्त महिन्याभराने तोच फ्लॅट स्वतःसाठी मागितला आणि गरज माहीत असल्यामुळे भाव पाडून मागितला. गुपित फुटलं नाही, तरी विश्वासघात झाला. भांडणात ऐन वेळी ‘तूच मला त्या दिवशी सांगितलं होतंस ना’ म्हणून सांगणाऱ्याचीच जखम त्याच्यावर उगारणं हाही असाच वापर. तिसरं कुणी तिथे नसतं, गोष्ट चार भिंतींत राहते, आणि तरीही ज्याची ठेव होती त्याला ती लुटली गेल्यासारखं वाटतं. नवराबायकोंमधले आणि बहीणभावांमधले पुष्कळसे विश्वासघात या जातीचे असतात. गौप्यभंगाच्या नेहमीच्या व्याख्येत ते बसत नाहीत, म्हणून त्यांचं नाव घेऊन तक्रारही करता येत नाही.

तिसऱ्या कसोटीपाशी ठेवीची उपमा मोडते. सांगितलेली गोष्ट परत घेता येत नाही. मैत्री तुटली की पत्रं परत करता येतात, उसने घेतलेले पैसे फेडता येतात. ऐकलेलं परत करण्याची सोय माणसाच्या शरीरात नाही. म्हणून ही ठेव मुदतीची नसते. मैत्री संपली, ओळखही उरली नाही, तरी तिच्या काळात ऐकलेल्याची राखण संपत नाही. किंबहुना तिची खरी परीक्षा तेव्हाच सुरू होते, कारण आता जपण्यात प्रेमाची मदत नसते.

ठेवीला आणखी एक गोष्ट लागते, आणि तिच्याकडे आपण सहज दुर्लक्ष करतो. ठेव घेणाऱ्याने ती घ्यायला हो म्हटलेलं असावं लागतं. गुपितांच्या व्यवहारात बहुतेक वेळा गोष्ट आधी सांगून होते आणि अट नंतर येते: ‘हे कुणाला बोलू नकोस हं.’ ऐकणाऱ्याची मान हलते, पण तोवर ओझं डोक्यावर आलेलं असतं. त्यातही आपलं एक खास वाक्य आहे, ‘तुला म्हणून सांगते.’ ऐकणारीला हे वाक्य सुखावतं. साऱ्या जगातून निवड आपली झाली. दोन दिवसांनी तीही दुसऱ्या कुणाला ‘तुला म्हणून सांगते’ म्हणते. गोष्ट षट्कर्णी होते ती सहसा द्वेषाने नव्हे, अशा जवळिकीच्या साखळीने. साखळीतली प्रत्येक व्यक्ती एका हाताने दिलेलं वचन मोडत असते आणि दुसऱ्या हाताने तसंच वचन मागत असते. दुसऱ्याचं गुपित देऊन आपण आपली जवळीक विकत घेतो. परक्याच्या ठेवीतून केलेली ही उधळपट्टी आहे, आणि ती करताना आपण उदार झाल्यासारखं वाटतं ही तिची गंमत.

गुपिताच्या ओझ्याचा आपल्याकडचा सर्वांत सखोल विचार महाभारतात आहे असं मला वाटतं. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि त्याच्या जन्माची गोष्ट सांगतो. तू कुंतीचा थोरला मुलगा आहेस, ये, पांडव तुझे पाय धरतील, राज्य तुझं होईल. हे सांगणं खरं आहे, पण ते विश्वासाचं सांगणं नाही. त्यात हेतू आहे, देवघेव आहे. विश्वास दिसतो तो कर्णाच्या उत्तरात. तो नकार देतो, आणि मग शत्रुपक्षाच्या त्या सूत्रधाराकडेच एक मागणं मागतो: आपलं हे बोलणं गुप्त ठेव. मी थोरला आहे हे युधिष्ठिराला कळलं तर तो राज्य घेणार नाही, आणि मला मिळालं तर मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. उद्या ज्याच्या सल्ल्याने आपण मारले जाणार आहोत त्याच्याजवळ कर्ण आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट ठेवतो, आणि कृष्ण ती ठेवतो. मैत्री नसतानाही विश्वास असू शकतो, एवढं हा प्रसंग दाखवतो.

पण ती ठेव जपण्याची किंमतही महाभारत लपवत नाही. युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी देण्याच्या वेळी कुंती सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा भाऊ होता. युधिष्ठिर कोसळतो. आधी कळतं तर हे युद्ध झालंच नसतं, असं त्याचं म्हणणं. आणि शांतिपर्वात तो शाप देतो, की यापुढे स्त्रियांच्या पोटात गुपित राहणार नाही. हा शाप जरा थांबून पाहण्यासारखा आहे. कर्णाचं जन्मरहस्य कृष्णाला माहीत होतं, भीष्मांना माहीत होतं. शाप मिळाला तो एकट्या बाईला आणि तिच्यामुळे सगळ्या बायकांना, तोही तिने गुपित राखलं म्हणून. जिने उभं आयुष्य तोंड मिटून काढलं तिच्या निमित्ताने बायकांच्या तोंडाला कुलूप नसतं ही म्हण झाली.

वस्तुस्थिती काय होती ते जात्याला विचारावं. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाहून मोठा आहे. पहाटेच्या अंधारात, पुरुष झोपेत असताना, दळता दळता बायकांनी सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट आणि मुलगी म्हणून जन्माला आल्याचं दुःख गायलं. ऐकायला जातं आणि समोर खुंटा धरलेली दुसरी बाई. जात्याला त्यांनी देव म्हटलं, सखा म्हटलं. बोलणं उघड होतं, गळा मोकळा होता, तरी गोष्ट गुप्त राहिली, कारण ओवी सगळ्यांची असते. तिच्यातलं दुःख नेमकं कुणाचं हे कुणी विचारत नाही. एवढ्या बायका दगडाजवळ बोलल्या, यावरून त्यांना माणसं कशी मिळाली असतील तेही कळतं.

कायद्याने या व्यवहाराला कितपत आधार दिला आहे? 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 122 ने नवराबायकोंमधल्या बोलण्याला संरक्षण दिलं आणि कलम 126 ने वकील आणि अशिलामधल्या. आता त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला आहे, पण ही संरक्षणं त्यातही आहेत. मित्राला तसं काही संरक्षण नाही. जिवलग मैत्रिणीला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून विचारलं, तर ‘तिने विश्वासाने सांगितलं होतं’ हे उत्तर पुरत नाही. नवराबायकोंचं संरक्षणसुद्धा त्यांच्या आपसातल्या खटल्यात लागू होत नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका प्रकरणात, नवऱ्याने बायकोच्या नकळत रेकॉर्ड केलेली संभाषणं पुरावा म्हणून घ्यायला परवानगी दिली. जोडीदारावर पाळत ठेवण्याची वेळ आली असेल तर विश्वास आधीच तुटलेला आहे, असा त्यामागचा एक विचार होता. कायद्याच्या अंगाने ते बरोबरही असेल. पण ज्या दिवशी ती बोलली त्या दिवशी तिला आपण बोलतो आहोत एवढंच माहीत होतं, साक्ष देतो आहोत हे माहीत नव्हतं. कायदा इथे फार दूरवर सोबत करत नाही. गुपित राखण्याचा भार शेवटी माणसाच्या शीलावर येतो.

मग राखणं हेच नेहमी शील का? नाही, आणि याची आठवण करून देणारं एक प्रकरण जगभर शिकवलं जातं. 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे प्रोसेनजित पोद्दार या भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याने तातियाना तारासॉफ या तरुणीचा खून केला. आपण असं करणार हे त्याने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला आधी सांगितलं होतं. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, त्यांनी चौकशी करून त्याला सोडून दिलं, आणि जिच्या जिवावर बेतलं होतं तिला कुणीच सांगितलं नाही. 1976 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की जिथे दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे तिथे गोपनीयतेची मर्यादा संपते.

आपल्याकडे हा प्रश्न शाळेच्या वर्गापर्यंत आलेला आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार असा गुन्हा कळलेल्या कुणालाही तो पोलिसांना कळवावाच लागतो. न कळवणं हा गुन्हा आहे. एखादी मुलगी बाईंजवळ येते, पदराआड बोलल्यासारखी बोलते आणि म्हणते, ‘आईला सांगू नका.’ बाईंनी काय करावं? कळवावं, यात शंका नाही. इथे गप्प बसणं म्हणजे अत्याचार करणाऱ्याची ठेव सांभाळणं. पण याच कायद्याची दुसरी बाजूही आहे. राजीखुशीच्या संबंधातून गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी, आपलं नाव पोलिसांत जाईल या भीतीने, डॉक्टरकडे न जाता भलतीकडे जाते. म्हणूनच सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की अशा मुलीच्या आणि तिच्या पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. एका ठिकाणी बोलण्याने जीव वाचतो, दुसऱ्या ठिकाणी नाव झाकण्याने.

दोन्हींतून एकच सूत्र निघतं, असं मला वाटतं. गुपित ज्याचं आहे त्याच्या भल्यासाठी आणि ज्याचं आयुष्य त्यात अडकलं आहे त्याच्या जिवासाठी ठेव उघडता येते. ठेवणाऱ्याच्या सोयीसाठी, कुतूहलासाठी किंवा मिरवण्यासाठी नाही. आणि उघडायची तर लागेल तेवढीच, ज्याला सांगायला हवं त्यालाच, आणि शक्यतो जिची ती गोष्ट आहे तिला आधी सांगून. ‘मी हे एकटी पोटात ठेवू शकत नाही, आपण मिळून कुणाला तरी सांगू’ असं त्या बाई मुलीला म्हणू शकतात. मुलगी रडेल, कदाचित रागावेल. पण आपल्या पाठीमागे काही झालं असं तिला वाटणार नाही.

त्याच्याही आधी एक गोष्ट करता येते. आपल्याला जे पेलणार नाही त्याचं वचन आधीच देऊ नये. ‘सांग, कुणाला सांगणार नाही’ हे वाक्य आपण फार स्वस्तात वापरतो. त्याऐवजी ‘सांग, तुझ्या किंवा कुणाच्या जिवाचा प्रश्न नसेल तर माझ्यापाशीच राहील’ असं म्हटलं तर बोलणारी कदाचित थबकेल, कदाचित परत जाईल. तेवढा धोका आहे. पण जी तरीही बोलेल ती डोळे उघडे ठेवून बोलेल.

भाषांतरकाराची अडचण यातून सुटली का? पुरती नाही. पण मराठीत विश्वास ‘ठेवतात’, भरवसा ‘ठेवतात’, आणि गुपितही ‘ठेवतात’. सांगणारीने विश्वास ठेवला, ऐकणारीने गोष्ट मनात ठेवली. दोघींचं क्रियापद एकच आहे, आणि ठेव हे नाम त्यातूनच आलं आहे. एका शब्दात मावत नसेल तर दोन वाक्यं लिहावीत. पहिलं तिच्याबद्दल असेल आणि दुसरं जिच्याजवळ ती बोलली तिच्याबद्दल. इंग्रजी शब्दात दुसरी व्यक्ती नुसती ऐकत उभी असते. मराठीत तिलाही काम आहे.